जुन्या दफनभूमीतून पूर्वजांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबा-पणजोबांची कबर शोधणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक महाराष्ट्र आणि गोव्यातले. ख्रिस्ती कुटुंबांचे सर्वांत जास्त, त्याखालोखाल बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू) आणि मुस्लिम कुटुंबांचे, आणि हल्ली लढाईवर गेलेल्या खापरपणजोबांबद्दलचेही. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. पणजोबांची कबर शोधायची आहे. सरळ दफनभूमीत जाऊन एकेक दगड वाचत सुटू का?

नको. आधी वही, मग दगड. दगड बसवणं सगळ्यांना परवडत नव्हतं. बहुतेकांची मातीची कबर आणि वर लाकडी क्रूस असायचा, आणि तो दोन-चार पावसाळ्यांत कुजून जायचा. दफनाच्या रजिस्टरात मात्र गरिबाचीही ओळ असते. दिवसभर उन्हात हिंडून हाती काही न लागणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रजिस्टर पाहिलेलं नसतं.

निघण्यापूर्वी चार गोष्टी हातात हव्यात: पूर्ण नाव, मृत्यूचं अंदाजे साल, गाव आणि पंथ. यातला पंथ लोक हमखास विसरतात. ‘आम्ही ख्रिश्चन’ एवढ्यावर भागत नाही. कॅथलिक, अँग्लिकन, अमेरिकन मिशन, मेथडिस्ट, मुक्तिफौज यांच्या वह्या वेगळ्या आणि पुष्कळदा दफनभूमीही वेगळ्या. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला ‘कुठे पुरलं?’ असं विचारलं तर ‘गावातच’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: पाद्री कोण आले होते? मातीला कुठून कुठे चालत गेलात? वाटेत नदी होती का, रेल्वेचं फाटक होतं का? फाटक आठवलं की दोन दफनभूम्यांपैकी एक गळते.

घरात शोधायचे कागद: जुन्या बायबलची सुरुवातीची कोरी पानं (जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू तिथेच लिहायची पद्धत होती), शाळा सोडल्याचे दाखले, पेन्शनचे कागद, मृत्युपत्र.

२. आम्ही हिंदू, आमच्यात दहन होतं. मग दफनभूमीचा आम्हाला काय उपयोग?

बहुतेकांना नाही. तुमची वंशावळ नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. कोणत्या उपाध्यांकडे तुमचं गाव आहे हे विचारत गेलं की घराण्याचं पान निघतं, आणि अस्थी घेऊन कोण कधी आलं होतं तेही कळतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या घरांसाठी हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळ सांगणारे, आहेत. त्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात.

अपवाद मात्र बरेच. लिंगायतांत बैठ्या स्थितीत दफन होतं, गोसावी आणि नाथपंथीयांत समाधी देतात. शेताच्या बांधावरच्या अशा समाध्यांवर नाव क्वचितच असतं. कोणती कोणाची हे घरातला जाणता माणूसच सांगतो, आणि तो असेपर्यंतच ते कागदावर उतरवून घ्यायला हवं. तान्ही मुलं सगळ्याच जातींत पुरली जायची, पण तिथे खूण शोधू नका.

देवळाबाहेरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) म्हणजे आपला मूळ पुरुष, असं गृहीत धरून फोटो पाठवणारेही पुष्कळ. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं, आणि त्यातले कितीतरी शिवकाळाच्याही आधीचे आहेत. नमस्कार जरूर करा, वंशावळीत घालू नका.

३. आत जायला परवानगी कोणाची लागते?

जागा ज्यांच्या ताब्यात त्यांची. चर्चची असेल तर पाळक किंवा फादर, कबरस्तान असेल तर जमात किंवा ट्रस्ट, छावणीतली असेल तर कँटोन्मेंट, बाकी काही ठिकाणी नगरपालिका. प्रत्यक्षात सगळ्यांत उपयोगी माणूस म्हणजे तिथला माळी किंवा राखणदार. कुठली ओळ कोणत्या सालची हे त्याला तोंडपाठ असतं. खणणं, दगड हलवणं, कुंपण तोडणं यातलं काहीही करू नका. दफनस्थळी घुसून अवमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, आणि ‘माझेच आजोबा होते’ म्हटल्याने दगड हलवायची मोकळीक मिळत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गवत वाळलेलं असतं आणि दगडावरचं शेवाळही. कोकणात बूट घालूनच जा, फुरसं दगडाच्या सावलीत बसतं.

४. चर्चचं जुनं दफनाचं रजिस्टर कुठे मिळेल? आमच्या चर्चमध्ये ‘इथे नाही’ म्हणतात.

‘इथे नाही’ म्हणजे बहुतेक वेळा ‘या कपाटात नाही’. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्या एकत्र आल्या. या घडामोडीत काही वह्या धर्मप्रांताच्या कार्यालयात गेल्या, काही शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये, तर काही आधीच्या पाळकांच्या घरी ट्रंकेत राहिल्या. म्हणून तुमच्या चर्चला १९७० पूर्वी काय म्हणत आणि कोणतं मिशन तिथे होतं, हे आधी विचारा.

अँग्लिकन चर्च असेल तर दुसरी वाट आहे. चॅपलेन, म्हणजे सरकारी नेमणुकीचे पाद्री, दफनांच्या नोंदींची नक्कल मुंबईला पाठवायचे आणि तिथून ती लंडनला जायची. मुंबई इलाख्याच्या या नकला १७०९ ते १९४८ या काळातल्या असून ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून त्यातलं पुष्कळ पाहता येतं. मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांच्या नोंदी आहेत. देशी ख्रिस्ती मधूनमधून सापडतात. एका ओळीत मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, हुद्दा किंवा धंदा, मृत्यूचं कारण, जागा आणि शेवटी चॅपलेनची सही. कारणाचा रकाना वाचायचा सोडू नका. एकाच आठवड्यात चार-पाच ओळींपुढे ‘कॉलरा’ दिसला की त्या घरातली आणखी दोन माणसं त्याच पानावर मिळू शकतात.

अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची गोष्ट वेगळी. हे मिशन मुंबईत १८१३ ला आणि अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) १८३१ ला सुरू झालं. मूळ संस्थेचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हाऊटन ग्रंथालयात आहेत, पण ते प्रामुख्याने पत्रं आणि अहवाल. दफनाच्या वह्या तिकडे मिळतील या आशेवर राहू नका. त्याऐवजी ‘ज्ञानोदय’चे जुने अंक चाळा. १८४२ ला अहमदनगरात सुरू झालेल्या या पत्रात मंडळीतल्या माणसांच्या निधनवार्ता यायच्या. शिक्षक, पाळक, बायबल-बाई म्हणून काम केलेल्या पूर्वजांसाठी दगडावर नसलेली माहिती तिथे मिळते: मूळ गाव, धर्मांतर कधी केलं, मागे कोण आहे.

कॅथलिकांनी आपल्या पॅरिशमध्ये लेखी अर्ज करावा. गोव्यासाठी प्रश्न १० पाहा.

५. चर्चकडे काहीच नाही. सरकारी नोंद असते का?

असते, आणि ती धर्म न पाहता केलेली असते. ‘कोतवाल बुक’ हे नाव कुणबी नोंदींच्या शोधामुळे आता घरोघरी झालं आहे. गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही, तीच. २०२३ पासून बऱ्याच जिल्ह्यांत हे दप्तर बाहेर काढून स्कॅन झालं, त्याचा फायदा आपल्यालाही आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव आणि साल देऊन नकलेचा अर्ज करायचा. पुष्कळ पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवा.

जातीच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहिलेलं असेलच असं नाही. धर्मांतरानंतरही गावच्या कारकुनाने जुनीच जात लिहिल्याचं दिसतं, आणि नावही जुनंच. घरात ‘याकोब’ म्हणत असतील पण वहीत ‘येसू’ असेल. त्यामुळे वडिलांचं नाव, वय आणि तारीख यांवरून पडताळा. मृत्यूच्या कारणात ‘पटकी’ म्हणजे कॉलरा आणि ‘देवी’ म्हणजे स्मॉलपॉक्स.

६. दगड सापडला, पण अक्षरं वाचता येत नाहीत. काय करू?

दुपारी गेला असाल तर सकाळी परत जा. ऊन डोक्यावर असताना झिजलेली अक्षरं दिसतच नाहीत. सकाळी आठच्या सुमारास किंवा मावळतीच्या आधी तिरपं ऊन पडतं तेव्हा प्रत्येक खाचेला सावली येते आणि कोरा वाटणारा दगड बोलू लागतो. झाडाखाली असेल तर आरसा घेऊन ऊन बाजूने दगडावर पाडा, किंवा अंधार पडताना टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. टॉर्च एका जागी ठेवू नका. डावीकडून एक फोटो, उजवीकडून एक, वरून एक. उभ्या रेघा एका फोटोत उठतात, आडव्या दुसऱ्यात.

संगमरवराच्या दगडांवर शिशाची अक्षरं बसवलेली असायची. शिसं लोकांनी उपटून नेलं, पण ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं राहतात. भोकांचा फोटो काढून घरी निवांत ठिपके जोडा. अक्षर कुठलं असावं याचा अंदाज त्यांच्या मांडणीवरून येतो.

मराठी आकड्यांत १ आणि ९, ३ आणि ६ झिजल्यावर सारखे दिसतात. जन्मसाल, मृत्यूसाल आणि वय तिन्ही कोरलेलं असेल तर बेरीज करून पाहा; एक आकडा चुकीचा वाचला असेल तर तिथेच कळतं. दगडाच्या पायथ्याशी कोपऱ्यात पाथरवटाचं किंवा दुकानाचं नाव असतं, तेही टिपा. मागची बाजू पाहा. शेजारच्या चार कबरींचेही फोटो घ्या. सासर-माहेरची माणसं शेजारीशेजारी असतात, आणि आज अनोळखी वाटलेलं आडनाव महिन्याभराने पणजीचं माहेर निघतं.

७. दगडावर खडू घासला, किंवा ॲसिडने धुतला, तर अक्षरं उठतील ना?

उठतील, आणि दगडही जाईल. ॲसिड संगमरवर आणि चुनखडीचा वरचा थर विरघळवतं. तारेचा ब्रश, वायरव्हील, साबणाचा चुरा, दाढीचा फेस यातलं काहीही नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तोही दगड पक्का असेल तरच. पापुद्रे सुटत असतील तर पाणीसुद्धा लावू नका. अक्षरांत काळा रंग भरून ‘आजोबांची कबर नवी केली’ असं कळवणारे असतात. रंगवणाऱ्याने ७ चा १ केला की पुढच्या पिढ्या तेच साल खरं मानतात. रंग द्यायचाच असेल तर आधीचे फोटो जपून ठेवा.

८. दगडावरचं साल विचित्र आहे. इसवी सन कसा काढायचा?

शके असेल तर ७८ मिळवा; पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९. मोडी कागदांत अरबी, म्हणजे सुहूर सन असेल तर साधारण ५९९ किंवा ६००.

हिजरी सरळ मिळवून चालत नाही, कारण ते वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, म्हणजे एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर येतं. पक्की तारीख हवी तर महिना घेऊन कोष्टक पाहा. महिन्याला महत्त्व आहे. हिजरी १३३७ चा मोहरम ७ ऑक्टोबर १९१८ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या ऐन कहरात. त्या महिन्याचा दगड मिळाला तर त्याच घरातल्या आणखी मृत्यूंसाठी पुढचीमागची पानं पाहाच.

हिब्रू साल अक्षरांत लिहितात आणि हजाराचा आकडा गाळतात. अक्षरांच्या किमती मिळवायच्या आणि १२४० जोडायचे. समजा दगडावर ताव, रेश, पे, हे अशी चार अक्षरं आहेत: ४००, २००, ८०, ५ म्हणजे ६८५. त्यात १२४० मिळवले की १९२५. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे तिश्री ते तेवेत या पहिल्या महिन्यांतला मृत्यू १९२४ चा असू शकतो. शिवाय ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो. रात्री आठला माणूस गेला तर दगडावर हिब्रू तारीख दुसऱ्या दिवसाची येते. ही चूक नाही.

९. आम्ही बेने इस्रायल, घरचे इस्रायलला गेले. कोकणातल्या कबरी कशा शोधायच्या?

तुमचं आडनाव हाच पत्ता. केहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर: ज्या गावावरून आडनाव पडलं त्याच्या आसपासच्या ज्यू दफनभूमीपासून सुरुवात करा. पण घराणं त्या गावात शेवटपर्यंत राहिलं असं समजू नका. अठराव्या शतकापासून माणसं मुंबईला जात होती. तिथलं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. त्यामुळे आडनाव कोकणातलं आणि कबर मुंबईची, हे सर्रास. अलिबागचं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ चं आहे, तिथे विचारल्याशिवाय आसपासच्या खेड्यांत हिंडू नका. किल्ली कोणाकडे असते हे तिथेच कळतं.

नवगावची जागा वेगळी. समुद्रात फुटलेल्या जहाजातली मूळ माणसं तिथे पुरली, पुरुष एका आणि स्त्रिया दुसऱ्या उंचवट्याखाली, अशी समाजाची परंपरा आहे. तिथून कुणा एका माणसापर्यंत वंश जोडता येत नाही. दगडांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो, आणि वडिलांचं नाव बहुधा दोन्हीकडे. हिब्रू नाव आणि घरातलं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा दोन्ही उतरवा. सालासाठी प्रश्न ८.

१०. गोव्यात पणजोबांची कबर सापडत नाही. चर्चचे लोक म्हणतात, ‘आता तिथे दुसरे आहेत.’ असं कसं?

गोव्याच्या सिमितेरात (दफनभूमीत) हे नेहमीचं आहे. जागा थोडी, म्हणून काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकुंडात ठेवतात आणि तीच कबर पुढच्यासाठी वापरतात. ज्यांनी कायमची कबर घेतली त्यांचेच दगड राहतात. त्यामुळे दगड नाही याचा अर्थ तिथे पुरलं नाही, असा होत नाही. भिंतीतले कोनाडे वाचा, संगमरवराच्या छोट्या पाट्यांवर एकाच घरातली तीन-चार नावं एकाखाली एक असतात.

त्याहून मागे जायचं तर चर्चच्या आत, पायाखाली पाहा. पोर्तुगालने १८३५ साली दफन चर्चबाहेर करण्याचा हुकूम काढला. त्याआधी प्रतिष्ठित घराण्यांच्या कबरी चर्चच्या फरशीतच असायच्या. त्यावर ‘सेपुल्तुरा’ (किंवा नुसतं ‘एस’), मग नाव, आणि पुढे ‘ए सेउश एर्देइरुश’ असे शब्द दिसतात, म्हणजे ‘अमुक आणि त्यांच्या वारसांची कबर’. दगडावरची तारीख बहुधा पहिल्या माणसाची असते आणि खाली नंतरच्या पिढ्या असू शकतात. ‘आकी जाज’ म्हणजे ‘इथे विसावले आहेत’. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्येही असेच दगड आहेत. तिथे मराठ्यांनी १७३९ साली किल्ला घेण्याआधीची माणसं आहेत, आजच्या वसईकर कॅथलिकांशी त्यांचं नातं जोडायला पुरावा हवा.

कबर नसली तरी पॅरिशची वही आहे. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा तीन वेगळ्या वह्या. जुन्या बऱ्याच वह्या पणजीच्या सरकारी पुराभिलेखागारात गेल्या आहेत. पोर्तुगीजात असल्या तरी मजकूर ठरावीक साच्याचा. तीस-चाळीस शब्द शिकलात की पान वाचता येतं. वाडा (गावातली वस्ती) नोंदलेला असतो, आणि वाडा आडनावापेक्षा जास्त कामाचा.

११. दगडावर आमचंच आडनाव आहे. म्हणजे आमच्याच घरातले ना?

डिसोझा, फर्नांडिस, परेरा असेल तर तसं अजिबात समजू नका. ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली, बहुधा पाद्री किंवा धर्मपित्याच्या नावावरून. शेजारच्या दोन घरांचं आडनाव एक आणि नातं शून्य असू शकतं. मराठी ख्रिस्ती घरांत उलटी अडचण: गायकवाड, साळवे ही आडनावं टिकली खरी, पण काही शाखांनी आजोबांचं नावच आडनाव केलं, मग सख्ख्या भावांची नातवंडं वेगवेगळ्या आडनावांनी वावरतात. इंग्रजी रजिस्टरात स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. मोठ्याने वाचून पाहा, डोळ्यांनी नाही.

१२. मुस्लिम कबरस्तानात बहुतेक कबरींवर नावच नाही. कसं ओळखायचं?

साधी, कच्ची कबर ठेवण्याकडे कल असल्याने ते तसंच असणार. जमातीकडे दफनाची वही असेल तर ती पहिली पाहा. दगडी तुर्बत (कबरीवरचं बांधकाम) असेल तर एक खूण कामी येते: वर मध्ये उंच, कलमदानासारखा कणा असेल तर पुरुषाची कबर, सपाट पाटी असेल तर स्त्रीची. दख्खनमध्ये ही पद्धत जुनी आहे, पण सगळीकडे पाळलेली नाही. कबरी उत्तर-दक्षिण असतात, चेहरा पश्चिमेकडे. फारसी ओळीत कधीकधी साल आकड्यांत न देता शेवटच्या ओळीच्या अक्षरांच्या किमतीत दडवलेलं असतं. फारसी जाणणाऱ्याला ‘तारीख कुठे आहे’ असं विचारा, त्याला कळेल. कोकणातल्या मुस्लिम घरांनी मशिदीच्या आवारातल्या कबरीही पाहाव्यात.

१३. मुंबईत शिवडीला पुरल्याची घरात आठवण आहे, पण दगड नाही.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ ची. त्याआधीचा मृत्यू असेल तर ती जागाच चुकली. सोनापूरकडे किंवा कुलाब्याकडे पाहावं लागेल, आणि तिथले दगड आता हाती लागणं अवघड. १८६५ नंतरचा असेल तर आधी विचारा की कबर कायमची विकत घेतलेली होती की नाही. नसेल तर प्रश्न १० मधलंच उत्तर. मोठ्या दफनभूमीच्या कार्यालयात अर्ज करताना नुसतं साल देऊ नका. महिना दिलात तर वही काढणाऱ्याचा उत्साह टिकतो.

१४. पणजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आले. त्यांची कबर सापडली, पण त्यामागे काही नाही.

कबर तुम्हाला अनाथाश्रमाच्या दारापर्यंतच नेते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कितीतरी मुलं अशी आली. पुढची वाट दाखल-रजिस्टरची: मूल कोणी आणलं, कुठून, अंदाजे वय. मुलाचं नाव आश्रमात बदललेलं असू शकतं, जन्मसाल हा तर अंदाजच.

एक गोष्ट लक्षात ठेवा: आश्रम जिथे, मूल तिथलंच असं नसतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातल्या आणि १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळी भागातून मुली आणल्या. दौंड तालुक्यात कबर असलेल्या आणि घरात मराठीच बोलणाऱ्या पणजीचं माहेर नर्मदेच्या पलीकडचं असू शकतं. अशा घरांना डीएनए चाचणीचा थोडा उपयोग होतो, पण ती गाव सांगत नाही.

१५. खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले आणि परतले नाहीत. कबर कुठे असेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नावाने शोधून निराश होऊ नका. ‘जाधव’ किंवा ‘शिंदे’ असं न देता अनेकांचं फक्त पहिलं नाव आणि वडिलांचं नाव आहे, तेही इंग्रजी कानाने लिहिलेलं. पलटणीने शोधा: ११० वी किंवा १०३ वी मराठा (दोन्ही मेसोपोटेमियातल्या कुत शहराच्या वेढ्यात होत्या), ११७ वी मराठा वगैरे. मग जिल्हा आणि गाव जुळवा. नोंदीत ते पुष्कळदा दिलेलं असतं.

बसऱ्याच्या स्मारकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. तिथे दगडावर हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. शिपायांची पलटणवार नुसती संख्या दिली. खापरपणजोबांचं नाव तिथल्या फोटोत नाही म्हणून ते तिथे मेले नाहीत असं नाही. हा भेदभाव होता, कमिशनच्या २०२१ च्या अहवालात तो मान्य केला आहे. फ्रान्समध्ये वारले असतील तर न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर (१९२७) ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक आहेत, तिथे नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेलेल्या मराठा सैनिकांसाठी सांग्रो नदीजवळचं स्मारक पाहा. ज्यांना अग्नी दिला अशा पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांसाठी ते आहे.

लाहोरच्या संग्रहालयात मिळालेल्या नोंदींची बातमी वाचून बरेच जण विचारतात. त्या पंजाबपुरत्या आहेत. आपल्याकडे बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, जिल्हा सैनिक कार्यालय आणि गावातली इंग्रजांनी बसवलेली पाटी. पाटीवर ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ असे आकडेच असतात, पण आकडा तीन असेल तर गावातली तीन घरं म्हातारी माणसं सांगू शकतात.

युद्ध १९१८ ला संपलं तरी कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतं. १९२० ला छावणीत तापाने गेलेला शिपाईही यादीत असू शकतो.

१६. खडकीच्या वॉर सिमेटरीत नाव मिळालं. म्हणजे कबर तिथेच ना?

कबरीच्या दगडावर असेल तर हो, आणि तो दुसऱ्या महायुद्धातला माणूस. स्मारकाच्या भिंतीवर असेल तर नाही. खडकीचं १९१४-१८ चं स्मारक अशा १,८०० हून अधिक जणांसाठी आहे जे भारत-पाकिस्तानातल्या वेगवेगळ्या छावण्यांच्या आणि गावांच्या दफनभूमीत पुरले गेले आणि ज्यांच्या कबरींची निगा राखणं शक्य राहिलं नाही. मूळ जागा नोंदीत दिलेली असते. ती वाचूनच प्रवास ठरवा.

१७. दगडावर एक तारीख, वहीत दुसरी. खरी कोणती?

आधी पाहा की दोन्ही एकाच गोष्टीच्या आहेत का. वहीत बहुधा दफनाची, दगडावर मृत्यूची. गावच्या वहीत तर खबर दिल्याची तारीख असते, ती आठवडाभर उशिराचीही. खरंच फरक असेल तर तारखेसाठी वही माना, कारण ती त्याच दिवसांत लिहिली. दगड मुलाने नोकरी लागल्यावर दहा वर्षांनी बसवलेला असू शकतो. नावासाठी मात्र दगड माना. पाद्री परका असू शकतो, दगड घरच्यांनी लिहून दिलेला असतो. वय दोन्हीकडे अंदाजे. ४०, ५०, ६० असे गोल आकडे दिसले की पाच वर्षं इकडेतिकडे धरा.

१८. इंटरनेटवर कबरीचा फोटो मिळाला. पुरावा म्हणून चालेल?

फोटो असेल तर वाचा, फोटोखालची टिपणी असेल तर पडताळा. फाइंड अ ग्रेव्हसारख्या ठिकाणी उत्साही लोक नाती जोडून टाकतात. ब्रिटिश पूर्वजांसाठी १९७६ पासून काम करणारी बॅक्सा आणि १९९८ पासूनची फिबिस या दोन संस्थांच्या याद्या जास्त भरवशाच्या. स्वतः फोटो चढवत असाल तर नुकत्याच वारलेल्या माणसांच्या कबरी टाकू नका.

१९. कबरीवर नाव नाही, फक्त लोखंडी पट्टीवर नंबर आहे. आता?

नंबर म्हणजे रजिस्टरातला क्रमांक किंवा नकाशातली जागा. कार्यालयात दोन्ही विचारा, कारण काही ठिकाणी दरवर्षी एकपासून मोजणी सुरू होते आणि मग सालाशिवाय नंबर कुचकामी. शेजारच्या दोन्ही पट्ट्यांचे नंबर टिपून न्या, म्हणजे क्रम कोणत्या दिशेने जातो हे कळतं. क्रमात बसत नसेल तर ती पट्टी उपटून पुन्हा ठोकताना उलटी बसली आहे का पाहा. इंग्रजी ६६ आणि ९९ मध्ये तेवढाच फरक आहे.